भाऊजींची लंडनची पोचवही

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, गोपाळकृष्ण बाराहाते, अकोल्याच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवत. १९५७ साली ते स्काउटांच्या मेळाव्यासाठी विलायतेला जाऊन आले आणि पुढची आठ वर्षं त्यातल्या पहिल्या तीन दिवसांवर व्याख्यानं देत हिंडले. अकोला झालं, बाळापूर झालं, पातूर झालं. गणपतीत, नवरात्रात, शाळांच्या स्नेहसंमेलनांत, एकदा तर तेराव्याच्या जेवणानंतर ओसरीवर, पानसुपारी चालू असताना. मी स्वतः सतरा वेळा ऐकलं. सतराही वेळा तिसरा दिवस संपला की ते हात जोडून खाली बसत. चौथ्या दिवसापासून त्यांनी तिकडे काय केलं, हे वऱ्हाडाला अजून कळलेलं नाही.

मी कमलाकांत सगदेव, अमरावतीला वकिली करतो. उलटतपासणीत माझा हात धरणारा कोणी नाही, असं बाररूममध्ये म्हणतात. निदान मी तिथं बसलेला असताना म्हणतात. अशा माणसाला तीच ती साक्ष सतरा वेळा ऐकवल्यावर त्याला तिच्यात भोकं दिसणारच. आणि भोक दिसलं की बोट घालायचं, हा माझा धंदा. अक्का म्हणते, स्वभावही.

भाऊजींचं व्याख्यान सगळं एका रेषेवर उभं होतं. ग्रीनिचची शून्य रेखांशाची रेषा. या माणसाचं लग्न अक्काशी झालं खरं, पण जीव त्या रेषेवर होता. दरवर्षी जून महिन्यात ते वर्गाच्या फरशीवर खडूनं लांबलचक रेघ ओढत आणि एकेका पोराला तिच्यावर पाय फाकवून उभं करत. "हा पाय पूर्वेत, हा पाय पश्चिमेत. काय वाटते?" पोरांना काय वाटणार? चड्डी उसवेल असं वाटायचं. भाऊजी मात्र डोळे मिटून घेत. वीस वर्षं ओढली ती रेघ. सारं गाव म्हणे, मास्तरांना एकदा तिथं नेऊन उभं करा, म्हणजे सुटतील बिचारे आणि पोरंही सुटतील.

आणि निघालंच की नशीब! स्काउटमास्तर म्हणून त्यांची निवड झाली. मेळावा लंडनपासून लांब होता, पण बोट तीन दिवस आधी पोचणार होती. भाऊजींनी बेत आखला. पाठीवर खाकी हॅवरसॅक टाकायची आणि तीन दिवस पायी लंडन बघायचं. पहिला दिवस राजवाडा आणि नदी, दुसरा म्युझियम, तिसरा अख्खा दिवस ग्रीनिच. मेळावा संपला की तिथूनच दुसऱ्या बंदराला परतीची बोट, तेव्हा जे काय ते या तीन दिवसांत. हे सगळं त्यांनी नकाशावर लाल पेन्सिलीनं काढून भिंतीला चिकटवलं होतं. हॅवरसॅकमध्ये दोन शर्ट, एक हाफपँट, शिट्टी, होकायंत्र आणि दशम्या. पिशवी निम्मी रिकामी राहिली.

इथंच चुकलं. आपल्या वऱ्हाडात परगावी निघालेल्या माणसानं रिकामी पिशवी लोकांना दाखवू नये. माणूस नागपूरला निघाला तरी गल्ली लोटते, येवढं आमच्या पोरीकडे द्याल, येवढं आमच्या साडूकडे टाकाल. हा तर लंडनला निघालेला! अकोल्यात, बाळापुरात, दर्यापुरात ज्याचा म्हणून कोणी तिकडे शिकायला, नोकरीला गेला होता, तो पुडकं घेऊन दारात हजर. लोणच्याच्या बरण्या, मुगवड्या, कुरड्या, मेतकूट, तिळाची चटणी, बाळंतविडा, एका पठ्ठ्यानं तर खलबत्ता आणला. बाळापूरहून आयशाबी आल्या. त्यांचा बशीर भाऊजींचाच विद्यार्थी, तिकडे बिस्किटांच्या कारखान्यात होता. त्यांनी हातानं वळलेल्या शेवया जुन्या ओढणीत बांधून आणल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, ये उसके हाथ में देना. और बोलना, अम्मी को खत लिख." भाऊजी नाही म्हणाले असते तर त्यांना माणूस म्हणता आलं असतं. ते सगळ्यांना हो म्हणाले. राजवाड्याच्या आणि म्युझियमच्या जागी नकाशावर पत्ते चढले. पत्ते तरी कसे? "मोठ्या घड्याळाजवळ, कोणालाही विचारा."

तरी भाऊजींनी तिसऱ्या दिवसाला हात लावू दिला नाही. ग्रीनिच म्हणजे ग्रीनिच, म्हणाले.

मीसुद्धा एक छोटीशी वस्तू दिली होती. लोणचं-बिणचं नव्हे हो, मी काय गावंढळ आहे? एक पाकीट. इंग्रज असताना अमरावतीला प्रेस्कॉट नावाचे जिल्हा न्यायाधीश होते, त्यांच्यापुढे मी ज्युनिअर म्हणून उभा राहिलो होतो. त्यांना १९४४चा बारचा ग्रुप फोटो, सोबत चार ओळींचं पत्र आणि दोन ओळींच्या उत्तराची विनंती. पाकिटाचं वजन ते काय? भाऊजींना मी बजावलं होतं, "हातात द्यायचं. दारात ठेवून यायचं नाही. आणि उत्तर घेऊनच निघायचं." उत्तर आलंही. साहेबांनी लिहिलं होतं की अमरावतीचे एक हुशार आणि कष्टाळू वकील म्हणून आपण मला चांगले आठवता. ते मी सोनेरी फ्रेममध्ये घालून ऑफिसात माझ्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावलं. पक्षकार फी देताना मान वळवून तिकडे बघत आणि मग घासाघीस करत नसत.

आता व्याख्यान. पहिल्या दोन दिवसांत भाऊजी लोकांना हसवून हसवून मारत. ते बोटीतून उतरले तो रविवार. सगळं लंडन बंद आणि पिशवीतल्या लोणच्याला पाझर फुटलेला. आगगाडीच्या डब्यात ते बसले तेव्हा सहा माणसं होती, दोन स्टेशनं गेल्यावर ते एकटेच उरले. उतरून पोलिसाला विचारलं, "सहदेव देशमुखाचं घर कुठं आहे? पारसचे देशमुख." पोलिसानं डोक्यावरचं ते उंच टोपडं काढून घाम पुसला. एका घरमालकिणीनं हिंगाचा वास घेऊन घरात काहीतरी मेलं म्हणून आरडाओरडा केला. चौथ्या मजल्यावर खलबत्ता चढवला तर ज्याच्यासाठी चढवला तो पोरगा म्हणाला, "हा कशाले आणला सर? मी तर डबलरोटी खातो." जिने किती चढले त्याचा हिशेब ते गजानन महाराजांच्या मंदिराच्या पायऱ्यांत सांगत. दुसऱ्या दिवशी बशीर भेटला. त्यानं शेवया छातीशी धरल्या, खोलीतल्या चुलीवर तिथंच दुधात शिजवल्या, सरांना वाढल्या, आणि खाता खाता ढसाढसा रडला. इथं बायका पदर डोळ्यांना लावत.

आणि मग तिसरा दिवस. भाऊजींचा आवाज खाली यायचा. हॅवरसॅक रिकामी, टेकडी, हिरवं गवत, वेधशाळा आणि ती रेषा. "मी उभा राहिलो. हा पाय पूर्वेत, हा पाय पश्चिमेत." टाळ्या थांबत नसत.

माझ्या डोक्यात पहिली शंका आली ती या टाळ्यांमुळेच, हे आता कबूल करतो. अमरावतीत, माझ्या अमरावतीत, लोक माझी ओळख करून द्यायला लागले, "हे लंडनवाल्या मास्तरांचे साळे." बावीस वर्षं वकिली केली ती साळा म्हणवून घ्यायला? मग मी नीट ऐकू लागलो. अकोल्याला ते रेषेवर उभे राहिले तेव्हा कोवळं ऊन होतं. बाळापूरला पाऊस भुरभुरत होता. पातूरला तर चक्क सूर्य मावळत होता. राजवाडा हुकल्याचं सांगणारा माणूस राजवाड्याच्या फाटकाचा रंग सांगायचा, आणि ज्या रेषेसाठी जन्म काढला ती कशाची, किती रुंद, हे कधी सांगायचा नाही. साक्षीदार खोटं बोलायला लागला की हवापाणी फार सांगतो. हा माझा अनुभव.

माणूस रेषेवर गेलाच नव्हता! मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

संधीही चालून आली. १९६५च्या जानेवारीत अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेनं भाऊजींचं व्याख्यान ठेवलं आणि अध्यक्ष म्हणून मला बोलावलं. अध्यक्ष शेवटी बोलतो. मी ठरवलं, समारोपात हसत हसत तीन प्रश्न विचारायचे आणि मास्तरांना भर सभेत त्या टेकडीवरून खाली आणायचं. पण पुराव्याशिवाय उभा राहील तो सगदेव नव्हे. पुरावा होता, आणि कुठं होता तेही मला ठाऊक होतं.

शाळेतला शिपाई पत्रं वाटायला जातो तेव्हा बरोबर एक वही नेतो. ज्याला पत्र दिलं त्याची तारखेसह सही घ्यायची. ती पोचवही. भाऊजी हाडाचे मास्तर. त्यांनी लंडनलाही शाळेतली कोरी पोचवही नेली होती आणि प्रत्येक पुडक्याची पोच घेतली होती, का, तर परत आल्यावर कोणी म्हणू नये की आमचं मेतकूट मास्तरांनीच खाल्लं. लंडनच्या जिन्यांवर उभं राहून हा माणूस चाळिशीतून बघत म्हणत असेल, "इथं सही करा, आणि तारीख टाका." विलायतेत पोचवही घेऊन फिरलेला दुसरा माणूस झाला नसेल.

आदल्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं मी अकोल्याला गेलो. भाऊजी शाळेत होते. अक्काला म्हटलं, भाषणात दोन गमती सांगायच्या आहेत, ती लंडनची पोचवही दे.

अक्का तांदूळ निवडत होती. तिनं माझ्याकडे बघितलं. "काहून रे? आठ वर्षं कधी आठवण नाही आली तुले."

"दे न. उद्या परत करतो."

ती उठली, ट्रंकेतून वही काढली, पदरानं पुसली. "घे. पण नीट वाच. शेवटलं पान वाच." मला वाटलं, बाईला काही कळत नाही, आपल्याच नवऱ्याच्या गळ्यातला फास आपल्या हातानं देऊन राहिली.

दुपारी चारला मी अमरावतीला ऑफिसात पोचलो, चहा मागवला आणि वही उघडली. २८ जुलै १९५७, रविवार. अकरा सह्या. पानावर लोणच्याचा पिवळा डाग. २९ जुलै, सोमवार. चौदा सह्या, शेवटची उर्दूत, बशीरची. पान उलटलं. ३० जुलै, मंगळवार, म्हणजे ग्रीनिचचा दिवस. हे पान कोरं हवं होतं. कोरं नव्हतं. त्यावर एकच नोंद होती, भाऊजींच्या वळणदार अक्षरात. पाकीट एक, समक्ष दिले. जागा, लंडनबाहेर, आगगाडीने दोन तास, पुढे पायी चार मैल. वेळ, संध्याकाळी पाच. आणि समोर म्हाताऱ्या हाताची वाकडीतिकडी इंग्रजी सही. प्रेस्कॉट.

मी मान वर केली. समोरच्या भिंतीवर सोनेरी फ्रेम होती. आठ वर्षं मी ती रोज बघत होतो. उजव्या कोपऱ्यात, वर, साहेबांच्या कागदावर तारीख होती. ३० जुलै १९५७.

चहा निवला. मी तो तसाच परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहात पाचशे मुली. भाऊजी खादीच्या कोटात, गळ्यात शिट्टी. का ते विचारू नका, ती ते लग्नातही घालतात. लोणचं झालं, पोलीस झाला, मुली खिदळल्या. बशीर झाला, मास्तरणी रडल्या. रेषा आली. भाऊजींनी खडू मागून घेतला, व्यासपीठावर रेघ ओढली आणि तिच्यावर उभे राहिले. साठीला आलेला माणूस. "हा पाय पूर्वेत, हा पाय पश्चिमेत."

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. अनुपमा तिचं नाव, आमच्याच बारमधल्या एकाची मुलगी. बापाचंच तोंड. "सर, खरी रेषा कशाची आहे? दगडाची का धातूची? आणि फोटो काहून नाही काढला?"

मी मनात योजलेल्या तीन प्रश्नांपैकी दोन त्या पोरीनं विचारून टाकले होते.

भाऊजींनी खडूच्या रेघेकडे पाहिलं, मग पाण्याच्या पेल्याकडे. हातातला खडू मोडला. मागं कोणीतरी फिसकन हसलं. सतरा व्याख्यानं ज्या क्षणाची मी वाट बघितली तो क्षण आयता समोर वाढून आला होता आणि मला घास गिळवेना.

मी उभा राहिलो. अध्यक्षानं मध्ये बोलायचं नसतं, पण उभा राहिलो. "मुलींनो, मी वकील आहे. पुराव्याशिवाय बोलत नाही. त्या दिवशी सर कुठं होते याचा सही-तारखेचा लेखी पुरावा माझ्याजवळ आहे. काल मी तो तपासला." भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. "त्या दिवशी त्यांनी जे कबूल केलं होतं ते त्यांनी केलं. हे मी शपथेवर सांगतो. अनुपमा, खाली बैस." इतक्या वर्षांच्या वकिलीत मी बरंच काही शपथेवर सांगायला लावलं आहे. स्वतः सांगायची ही पहिली वेळ. टाळ्या पडल्या. मुलींना वाटलं, रेषेसाठीच.

आम्ही सायकलरिक्षानं घरी निघालो. राजकमल चौक आला तेव्हा भाऊजींनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

"वही हिनं देली न तुमाले?" भाऊजी म्हणाले.

"हो. भाऊजी, अहो ते पाकीट दारात टाकून यायचं ना! त्यात काय होतं? एक फोटो!"

"टाकणार होतो. बशीरनं सुट्टी घेतली होती त्या दिवशी, ग्रीनिचले नेतो म्हणे. पण तुमी म्हटलं होतं, हातात द्या. साहेब सकाळी दवाखान्यात गेले होते, त्याहीची मड्डम म्हणे ठेवून जा. मी म्हटलं, नाही, समक्ष देतो. बसलो फाटकाशी. चार वाजता आले."

"मला ओळखलं त्यांनी?" हे मी विचारलं. त्याही वेळी मला हेच विचारावंसं वाटलं. माणसाची जात!

भाऊजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऐकू कमी येत होतं त्याहीले. कोण कमलाकांत, म्हणे. मग मी सांगत बसलो. एक तास."

"काय सांगितलंत?"

"तुमी नेहमी स्वतःबद्दल सांगता तेच. दुसरं मले कुठं माहीत आहे? मग मड्डमनं लिहून देलं अन् त्याहीनं सही केली. मले वाटते, थकले होते."

रिक्षावाला मागं वळून हसला. मी त्याला रस्त्याकडे बघायला सांगितलं.

घरी जायच्या आधी मी रिक्षा ऑफिसाशी थांबवली. आत गेलो, खुर्चीवर चढलो आणि ती फ्रेम खिळ्यावरून उतरवली. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा उरला. फ्रेम कपाटामागं सारत होतो तोवर भाऊजी आत आले.

"काहून काढली?"

"काहून म्हणजे? लाज वाटते मले!" मी ओरडलो. माझं शुद्ध मराठी माझ्या रागाबरोबर जातं. "तुमची रेघ खाल्ली मी या दोन ओळींसाठी!"

भाऊजींनी फ्रेम माझ्या हातून घेतली. कोटाच्या बाहीनं काच पुसली. मग हाफपँटीतल्या स्काउटसारखे खुर्चीवर चढले आणि फ्रेम पुन्हा खिळ्याला अडकवली. वाकडी झाली म्हणून सरळ केली.

"राहू द्या," म्हणाले. "लंडनहून मी आणलेलं येवढं एकच आहे."